घराकडचे बाण

घरांच्या दलालीत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला लोकांनी खरं तर दलालबाई म्हणायला हवं होतं, पण सगळे तिला पाटीबाई म्हणत. पाट्यांवर तिचा जीव होता. बाकीचे दलाल छापील फ्लेक्स कुंपणाला सुतळीने बांधायचे आणि चार दिवसांत वाऱ्याने त्याचं पोतेरं झालं की नशिबाला बोल लावायचे. पाटीबाई पत्रा कापून घ्यायची, त्याला पिवळ्या रंगाचे दोन हात द्यायची आणि वरची काळी अक्षरं स्वतः ब्रशने काढायची. 'घर विकणे आहे' आणि खाली फोन नंबर, बस्स. खोल्या किती, ऊन कुठून येतं, शेजारी कसे, असलं सगळं पाटीवर लिहा म्हणणाऱ्या घरमालकांची ती तिथल्या तिथे हजेरी घ्यायची. "माणूस गाडीतून चाललाय. त्याच्याकडे तीन सेकंदं आहेत. तेवढ्यात निबंध वाचायला लावता का त्याला?"

पाटी उभी राहिली की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची, पाटीकडे पाठ करायची, मग गर्रकन वळून मनात तीन आकडे मोजायची आणि डोळे मिटायची. मिटल्या डोळ्यांनी नंबर म्हणता आला तर पाटी पास. खांब रोवून देणारा सुतार तेवढा वेळ हाताची घडी घालून उभा राहायचा. पन्नाशीचा, मोजकंच बोलणारा माणूस. "बाई, नंबर तुमचाच आहे, तुम्हाला आठवणारच," असं त्याने एकदाच म्हणून पाहिलं होतं. त्यानंतर आठवडाभर त्याला चहा मिळाला नव्हता.

तिचे दोन नियम मात्र सुतारही मानायचा. घरासमोरच्या एका पाटीने भागत नाही, हा पहिला. ज्याला घर हवंय तो तुमच्या गल्लीत आपण होऊन कशाला येईल? म्हणून मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंत प्रत्येक वळणावर एक छोटी पाटी आणि तिच्यावर लाल बाण. एका वळणावर बाण नसला की माणूस चुकतो, आणि चुकलेला माणूस परत फिरून येत नाही. दुसरा नियम, घराचा सौदा झाला की त्याच दिवशी सगळ्या पाट्या उतरवायच्या. विकलेल्या घराची पाटी ठेवणं म्हणजे लोकांना हाक मारायची आणि तोंडावर दार लावायचं, असं ती म्हणे.

या खेपेची पाटी तिच्या ताईच्या घराची होती.

त्या घरात आता एकटे भाऊजी राहत होते. ताईचा नवरा म्हणजे देवमाणूस, असं पाटीबाई कुणालाही सांगायची. सगळी नोकरी त्यांनी टपालखात्यात केली आणि तीही अपुऱ्या पत्त्यांच्या टेबलावर. 'निळ्या फाटकाशेजारी, खोकणाऱ्या मास्तरांना मिळे' एवढ्यावर त्यांनी पत्र बरोबर मास्तरांच्या हातात पोचवलं होतं. त्यांच्या टेबलावरून एकही पत्र परत गेलं नाही याचा ताईला कोण अभिमान! चारचौघांत सांगायची आणि भाऊजी लाजून पेपरात तोंड घालायचे.

सहा वर्षांपूर्वी ताई विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. एका दुपारी भाऊजी बँकेत गेले होते आणि पाटीबाई ताईजवळ बसायला आली होती. ताईला थंडी वाजत होती म्हणून तिने तिला नुकताच धुऊन वाळलेला करडा स्वेटर घातला. बटणं लावताना फोन आला. फोन खांद्याने कानाशी धरून ती गिऱ्हाइकाला अक्षरांची उंची समजावत राहिली आणि एक बटण चुकीच्या काजात गेलं. खालची सगळीच मग वरखाली झाली. "थांब हं, नीट करते," असं म्हणून ती पत्ता लिहून घ्यायला वरच्या खोलीत पेन आणायला गेली. खाली आली तर पुढचं दार उघडं होतं आणि खुंटीवरची पाव आणायची कापडी पिशवी नव्हती.

ताई सापडली नाही. पोलीस झाले, दवाखाने झाले, पेपरात फोटो झाले. ताईचं वय तेव्हा बासष्ट, पाटीबाईचं अठ्ठावन्न. भाऊजींनी तिला एका शब्दाने कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला फार वाटायचं.

घर विकायचं नाव काढलं की भाऊजींचं एकच उत्तर असायचं. "ती आली आणि दार भलत्याच माणसाने उघडलं तर?" सहा वर्षं या वाक्यापुढे कुणाचं काही चाललं नाही. यंदा मात्र ते जिन्यावरून पडले. गुडघा आधीच कामातून गेलेला, त्यात हे. दूरच्या शहरातून त्यांची मुलगी आली, रडली, भांडली आणि बाबांना इथे एकटं ठेवणार नाही म्हणून हटूनच बसली. ती गेल्यावर भाऊजी बराच वेळ काठीशी चाळा करत बसले.

"धाकटे," ते शेवटी म्हणाले, "लाव पाटी."

पाटीबाईने आयुष्यातली सगळ्यात चांगली पाटी केली. पिवळ्याचे तीन हात दिले. अकरा वळणांचे अकरा बाण काढले आणि एकेक बाण उभं राहून, बसून, वाकून पाहिला. हे घर चांगल्या माणसांकडे जायला हवं, एवढं तरी ती ताईसाठी करणार होती.

तिसऱ्या दिवशी फोन आला. भाजीची गाडी चालवणारा माणूस होता.

"पाटी पाहिली. घर कुठंशी आहे?"

"तुम्ही कुठली पाटी पाहिलीत?" तिने सवयीने विचारलं. कुठली पाटी काम करते ते ती नेहमी टिपून ठेवायची.

"मोठ्या पुलाच्या पलीकडं, फाट्यावर."

मोठा पूल चाळीस किलोमीटरवर होता. "तिथे माझी पाटी नाही हो. दुसऱ्या कुणाची असेल."

"नंबर तुमचाच लावला की मी. पिवळी पाटी, लाल बाण. एक बाई वाचत उभ्या होत्या. उन्हाच्या उभ्या होत्या म्हणून म्हटलं, सोडू का कुठं? तर म्हणाल्या, नको, बाण आहेत ना."

कुणीतरी मस्करी करतंय, असं म्हणून पाटीबाईने फोन ठेवला. धंद्यात जळणारे काही कमी नव्हते. पण रविवारी ती सुताराला घेऊन फाट्यावर गेलीच.

पाटी तिथे होती. अक्षरं तिची होती, बाणाच्या शेपटीशी ब्रश उचलायची लकबही तिचीच. सुताराने खांब हलवून पाहिला, खाली बसून माती चाचपली आणि म्हणाला, "हा मी रोवलेला नाही." मग जरा वेळाने म्हणाला, "पण माझ्यासारखाच रोवलाय."

पाटीबाईने पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवलं. पत्र्याचं वय तिला न विचारता कळायचं. कडा गंजून भुसभुशीत झाल्या होत्या, पिवळा रंग उडून मळकट पांढरा पडला होता, खिळ्यांखालून गंजाचे ओघळ उतरले होते. पाच पावसाळ्यांत एवढा गंज चढत नाही, सहा तरी लागतात. आणि त्याच्यावर, तितक्याच जुन्या काळ्या रंगात, तिचा फोन नंबर होता. हा नंबर तिने मागच्या वर्षी घेतला होता.

सुताराने पहार उचलली.

"राहू दे," ती म्हणाली.

दुसरा फोन चार दिवसांनी आला. पुलाच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर काम करणारी बाई होती. तिला घर नको होतं. "तुमच्या पाटीपाशी एक बाई उभ्या होत्या, त्या तुमच्यापैकी आहेत का? हरवल्यासारख्या वाटल्या. बोलायला चांगल्या होत्या, पण बघा ना, एवढ्या उन्हात करडा स्वेटर. आणि बटणं सगळी वरखाली."

पाटीबाईने खुर्ची ओढली आणि बसली.

भाऊजींना तिने काही सांगितलं नाही. खपली धरलेली जखम कशाला उकरायची? शिवाय सांगणार तरी काय? ती सांगेल आणि ते दारात खुर्ची टाकून बसतील, याची तिला खात्री होती. तशात घराला गिऱ्हाईक मिळालं. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. बाजाराच्या वळणावरचा बाण पाहून आले, स्वयंपाकघराची खिडकी पाहून बायको हरखली आणि सौदा ठरला. येत्या गुरुवारी दुपारी चारला किल्ल्या द्यायच्या होत्या. नियमाप्रमाणे सुतार संध्याकाळी पहार घेऊन हजर झाला.

"पाट्या गुरुवारपर्यंत राहू देत," पाटीबाई म्हणाली.

सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखा त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि परत गेला.

सोमवारी एसटी स्टँडवरून फोन आला, तेव्हा मात्र तिला राहवेना. करडा स्वेटर, हातात कापडी पिशवी. स्टँड म्हणजे घरापासून बारा किलोमीटर. ती तडक भाऊजींकडे गेली आणि पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं.

भाऊजींनी चष्मा पुसला, बांधून ठेवलेल्या सामानातून जुना नकाशा शोधून काढला आणि टेबलावर पसरला. फाटा, पंप, स्टँड, तिन्ही ठिकाणी पेन्सिलीने टिंब दिलं आणि बाजूला तारखा लिहिल्या.

"पत्र असतं," ते म्हणाले, "तर गुरुवारच्या दुपारच्या बटवड्यात आलं असतं."

"भाऊजी, ही ताई कशी असेल? सहा वर्षं झाली."

"मी कुठे म्हटलं ताई आहे? मी फक्त पत्ता लावतोय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बटणं कशी होती म्हणालीस?"

तिने सांगितलं. आणि मग सहा वर्षं जे घशात अडकलं होतं तेही सांगितलं, फोनचं, गिऱ्हाइकाचं, चुकलेल्या काजाचं. सांगताना तिला रडू आवरेना.

"मला माहीत होतं गं," भाऊजी म्हणाले. "त्या दिवसापासून तू फोन कधी खांद्याने धरलेला नाहीस. एवढं न कळायला मी काय नुसते शिक्केच मारले का आयुष्यभर? जा, तोंड धू. आणि डॉक्टरांना विचार, आठवडाभर थांबतात का."

डॉक्टर भले गृहस्थ होते, पण त्यांचं आधीचं घर रिकामं करून द्यायचं होतं आणि ट्रक ठरला होता. गुरुवार म्हणजे गुरुवार. चार म्हणजे चार.

बुधवारी फोन वाजलाच नाही. पाटीबाईने दोनदा रेंज तपासली.

गुरुवारी अकरा वाजता शेवटच्या वळणावरच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराचा फोन आला. "अहो, तुमच्या पाटीपाशी कोण बाई उभ्या आहेत? बराच वेळ झाला. म्हटलं कळवावं."

ती भाऊजींच्या दारातून चप्पल न घालता धावली. वळणावर पाटी होती, बाण होता, आणि कुणी नव्हतं. "आत्ता तर होत्या," दुकानदार म्हणाला. त्याने दुकानाबाहेर येऊन दोन्हीकडे पाहिलं. "इकडेच वळल्या असतील. तुम्हाला वाटेत दिसल्या नाहीत?"

वाटेत ती स्वतः सोडून दुसरं कुणीच नव्हतं.

तीन वाजले. घर रिकामं झालं होतं. खोकी भिंतीशी रचली होती, बोललं की आवाज घुमत होता. भाऊजी एका खोक्यावर काठी धरून बसले होते. त्यांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाटीबाईने ते पाहिलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली.

दारात ताई होती.

तशीच. एक केस अधिक पांढरा नाही की एक सुरकुती जास्त नाही. पाटीबाईच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता आपण हिच्यापेक्षा मोठ्या दिसतो.

"पाटी बघून आले," ताई म्हणाली. "घर बघायचं होतं. चालेल ना आत्ता?"

तिने दोघांकडे पाहिलं, हसून, परक्या माणसांकडे पाहावं तसं.

भाऊजी उठले. "या ना," ते म्हणाले. "या, दाखवतो."

आणि त्यांनी घर दाखवलं. गिऱ्हाइकाला दाखवावं तसं, एकेक खोली, न लपवता. इथे भिंतीला ओल येते. ही कडी जरा वर उचलून ओढावी लागते. ताई मान डोलावत होती. जिन्याची तिसरी पायरी वाजायची. ती खाली न बघता दुसरीवरून चौथीवर गेली.

स्वयंपाकघरात ती खिडकीशी थांबली.

"छान आहे हो. भांडी घासताना रस्ता दिसतो. का विकताय?"

"एकट्याला मोठं पडतं."

"घरात कुणी नाही?"

"आहे," भाऊजी म्हणाले. "बाहेर गेलीय."

पाटीबाई पुढे झाली. "बटण चुकलंय तुमचं," ती कसंबसं म्हणाली.

ताईने हनुवटी वर करून धरली. पाटीबाईने सगळी बटणं सोडली आणि खालपासून वरपर्यंत नीट लावली. स्वेटरला ताज्या धुण्याचा, साबणाचा वास होता. शेवटचं बटण लावून झाल्यावरही तिने हात काढला नाही. किती दिवसांनी ताईच्या इतक्या जवळ उभी होती ती.

"घर आवडलं मला," ताई म्हणाली. "पण निघते आता. घरी वाट बघत असतील. जरा उशीर झाला ना, की ते फाटकात येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत, नुसते उभे."

भाऊजींनी खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. "रस्ता सापडेल?"

"तेच तर. इकडे यायला बाण आहेत. परत जायला एकही नाही."

पंचवीस वर्षांत पाटीबाईला हे कधी सुचलं नव्हतं.

"चला, मी सोडतो तुम्हाला," भाऊजी म्हणाले. "मला माहीत आहे तुमचं घर."

"खरंच?"

"पत्ते शोधायचंच काम होतं माझं."

ताई खूश होऊन हसली. भाऊजींनी बूट घातले. दाराशी त्यांनी पाटीबाईच्या डोक्यावर हात ठेवला, ताईच्या लग्नात ती चौदा वर्षांची असताना ठेवला होता तसा, आणि बाहेर पडले. पावाची पिशवी त्यांनी ताईच्या हातातून स्वतःकडे घेतली. दोघं गप्पा मारत वळणापर्यंत गेली आणि वळली.

काठी खोक्याला टेकलेली तशीच राहिली होती.

चार वाजायला दहा मिनिटं होती. काय करावं ते पाटीबाईला कळेना, म्हणून जे येत होतं ते तिने केलं. पाना घेतला आणि फाटकावरची पाटी उतरवली. ती उलटी करून कुंपणाला टेकवली. मग भाऊजींना फोन लावला.

पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. चालत असावेत, पण दम लागलेला नव्हता.

"भाऊजी, कुठे आहात?"

"अगं, पोचलोच. हे काय, वळलो आता. पाटी दिसायला लागलीय समोर. ही मोठ्याने वाचतेय, ऐक."

मागून ताईचा आवाज आला. ती नंबर वाचत होती, एकेक आकडा, बरोबर.

पाटीबाईने रस्त्याच्या या टोकाला पाहिलं. त्या टोकाला पाहिलं. ऊन पडलं होतं आणि रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता.

"तू फाटकातच आहेस ना?" भाऊजी म्हणाले. "हात कर बघू."

तिने हात वर केला.

"हं, दिसली," ते कुणाला तरी म्हणाले.

मग ताईचा आवाज आला, अगदी जवळून, हसरा.

"अगंबाई, धाकटी ना ती? किती म्हातारी झाली!"